ऐकणाऱ्यांची बैठक

धाराशिव जिल्ह्याविषयी जे अगदी जुने लेखी उल्लेख सापडतात, त्यांतला एक ग्रीक भाषेत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचं टिपण लिहिणाऱ्या कुणा अनाम माणसाने नोंदवून ठेवलं, की पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं सुती कापड गाड्यांतून भरूचच्या बंदरावर येतं. तगर म्हणजे आपलं तेर. हा लेखक तेरपर्यंत आला असेल असं वाटत नाही. बंदरावर जे कानावर आलं ते त्याने लिहिलं. ते कापड विणणाऱ्या माणसाला भरूचविषयी, रोमविषयी काय ऐकायला मिळालं होतं, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपली बातमी बाहेरच्याने सांगायची आणि बाहेरची बातमी आपण तिसऱ्याच्या तोंडून ऐकायची, ही या जिल्ह्याची रीत तेव्हापासूनची आहे.

जिथे सगळी बातमी ऐकीव असते तिथे ऐकण्याचंही एक शास्त्र तयार होतं. आपल्याकडच्या शास्त्राचा पहिला नियम असा होता, की बातमी एकट्याने ऐकायची नाही.

गावातल्या बातमीसाठी दवंडी होती. हलगीवर टिपरी पडली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. साऱ्याची मुदत, पटकीची साथ, जत्रेचा दिवस, साहेबाचा मुक्काम, एवढाच तिचा मजकूर. पण तो साऱ्या गावाने एकाच वेळी ऐकलेला असे. 'मला सांगितलंच नाही' म्हणायची सोय नव्हती. गावापलीकडचं जग फिरस्त्यांबरोबर येई. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळ, तुणतुणं आणि दिवटी घेऊन येत आणि गोंधळाच्या आरंभी ठिकठिकाणच्या देवदेवतांना त्यांच्या गावांच्या नावांनी पाचारण करत. वेशीबाहेर पाऊल न टाकलेल्या म्हातारीला माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर ही गावं ठाऊक असत ती या आवतणामुळे. खुद्द तुळजापूर हे तर बातम्यांचं मोठं नाकं. आश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणारी रीघ आजही रस्ता अडवते. त्या काळात परतणारा प्रत्येक जण हळदी-कुंकवाच्या पुडीबरोबर कुठे पाऊस पडला, कुठे ज्वारी काय भावाने गेली, कुणाच्या घरात पोरगी उपवर झाली हेही गाठीला बांधून नेई.

या चित्रावर भाबडेपणाने भाळून जाण्याचं कारण नाही. दवंडी द्यायची, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी धावायचं ही कामं वतन म्हणून ज्यांच्या गळ्यात पडली होती, त्यांना त्याच चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हतं. बातमी त्यांच्या पायांनी चालायची आणि चर्चा दुसऱ्यांच्या तोंडांनी व्हायची. १९४१च्या फेब्रुवारीत आपल्याच कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. सांगावा वाहणाऱ्यांनी स्वतःचं म्हणणं सांगायला बसायचं ठरवलं, असा त्या दोन दिवसांचा एक अर्थ होतो. जिल्ह्यातल्या प्रसारमाध्यमांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात तडवळ्याला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. बायका तर त्या बैठकीत कधी नव्हत्याच. त्यांची बैठक पाणवठ्यावर आणि जात्यापाशी.

छापील कागद आपल्याकडे उशिरा आला, आणि आला तोही चोरून. १८३२ साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. १८८१ला पुण्यात 'केसरी' निघाला. पण सोलापूर-बार्शीकडची माणसं आपल्या भागाला अजूनही बोलण्याच्या ओघात 'मोगलाई' म्हणतात, आणि ते उगाच नाही. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, कचेरीची, कोर्टाची, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. जाहीर सभेवर 'गश्ती निशाण ५३' या सरकारी परिपत्रकाचा पहारा. शंभर माणसांत दहा जणांनाही वाचता येत नव्हतं, आणि जे वाचू शकत त्यांना काय वाचू द्यायचं हे हैदराबादेत ठरे. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं तेव्हा बंदीचा हुकूम निघायला वेळ लागला नाही. मग वाघमाऱ्यांनी नाव बदललं. त्यावरही बंदी आली, पुन्हा नाव बदललं. नाव बदलून तोच मजकूर पोचवायचा हा खेळ बराच काळ चालला. (आजकाल आपल्याकडे नाव बदलतं तेव्हा मजकूर तोच राहतो का, हा वेगळा विषय, पुढे येतोच आहे.)

अशा काळात सीमेपलीकडच्या सोलापूरहून एखादा अंक धोतराच्या घडीत लपून नळदुर्गकडे आला, तर तो एकट्याने वाचून संपवणं हा गुन्हाच मानला गेला असता. एक वाचणारा आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस कान. वाचणारा अडला की कुणी अर्थ लावी, कुणी शंका काढी, कुणी 'हे काही खरं वाटत नाही बुवा' म्हणून मान हलवी. निरक्षर माणसाला वर्तमानपत्राशी भांडता येत होतं, ही त्या काळाची मोठीच कमाई आहे. २०११च्या जनगणनेतच साक्षरता अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास पोचलेल्या या जिल्ह्यात आज वर्तमानपत्राशी मोठ्याने भांडणारे किती उरले, ते ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

छापलेल्या शब्दाची किंमत तेव्हा जिवाने चुकवावी लागे. १९४८च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा निजामसमर्थक रझाकारांनी खून केला. हैदराबादने भारतात सामील व्हावं, असं ते लिहीत होते. उर्दू म्हणजे निजामाची भाषा आणि मराठी म्हणजे लढ्याची, अशी सोपी वाटणी करणाऱ्यांनी हे नाव विसरू नये. त्यानंतर महिन्याभराच्या आत, १३ सप्टेंबरला, भारतीय फौज सोलापूरहून निघून आपल्या नळदुर्गात शिरली आणि बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. नळदुर्गच्या लोकांना ही बातमी कुणी सांगावी लागली नाही. तोफांचा आवाज पुरेसा होता. पण लढाई संपल्याचं साऱ्या संस्थानाला कळलं ते रेडिओवरून. १७ सप्टेंबरला सातवे निजाम मीर उस्मान अली खान स्वतः रेडिओवर बोलले. ज्यांच्या नावाने हा जिल्हा 'उस्मानाबाद' म्हणून ओळखला जात होता, त्यांचा आवाज जिल्ह्यातल्या बहुतेकांनी तोवर ऐकलेला नव्हता. आणि संच इतके थोडे, की त्या दिवशीही बहुतेकांनी तो कुणाच्या तरी तोंडूनच ऐकला.

पुढची तीस वर्षं रेडिओची. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या नशिबाचा नेमका नकाशा दाखवते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचं एक मंडळ. त्यांनी ठरल्या संध्याकाळी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपापसांत बोलायचं आणि शंका आकाशवाणीला कळवायच्या. नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्यांना पुष्कळ जास्त समजतं, हे या प्रयोगात दिसलं आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. आपल्या चावडीला शेकडो वर्षं जे ठाऊक होतं, ते या निमित्ताने अहवालात छापून आलं. पण मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. प्रयोग आपल्याला थोडक्यात चुकला.

तसंच दुसऱ्यांदा झालं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर देशातल्या सहा राज्यांत सुमारे चोवीसशे खेड्यांना उपग्रहावरून दूरदर्शन दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. पंचायतीच्या नाही तर शाळेच्या अंगणात एक संच, समोर सगळा गाव. कर्नाटकातला गुलबर्गा त्यात होता. म्हणजे उमरग्याच्या शिवेला लागून असलेल्या मुलखात उपग्रहातून चित्र उतरत होतं आणि अलीकडचे लोक कंदिलाच्या काचा पुसत बसले होते. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. एकदा हैदराबाद राज्यात असल्यामुळे वगळलं, एकदा महाराष्ट्रात असल्यामुळे.

तरी रेडिओ आला, रुजला. ट्रान्झिस्टर गड्याच्या खांद्याला लटकून वावरात गेला. परभणी केंद्राचे बाजारभाव, सकाळच्या प्रादेशिक बातम्या, कामगारांसाठीची गाणी यांवर दिवसाची घड्याळं लागली. ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या परिसरात घड्याळाचं काम भोंगा करी ते वेगळंच. पुढे १९८४ नंतर दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले, आणि १९८७च्या जानेवारीपासून 'रामायण' लागायच्या वेळेला एसटी स्टँड ओस पडू लागले. गावात एक-दोन संच. ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली. कोण कुठे बसायचं यावरून तिथेही जात दिसायची, पण सरमिसळही व्हायची. आणि बाया पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होत्या.

त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली.

आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली, आणि दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून बावन्न गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आपल्या बाजूची नावं. पण या आपत्तीचं जगाने ठेवलेलं नाव 'किल्लारीचा भूकंप', नाही तर 'लातूरचा भूकंप'. एवढा पसारा दोन शब्दांत बसवताना कुणाचं तरी नाव गळणारच, हे मान्य. पण लोहारा तालुक्यातल्या माणसाला आज तीस वर्षांनीही स्वतःचं दुःख शेजारच्या गावाच्या नावाने सांगावं लागतं. मथळ्यात नाव नसलं की मदतीच्या, स्मरणाच्या, इतिहासाच्या सगळ्याच रांगांत माणूस मागे पडतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रं आणि कॅमेरे आले नसते तर देशभरातून, परदेशातून मदतीचा जो लोंढा आला तो आला नसता. पत्रकारांनी पावसात, चिखलात, कुजण्याच्या वासात राहून काम केलं. मात्र त्याच दिवसांत अफवांचंही पीक आलं: अमुक तारखेला पुन्हा होणार, तमुक शास्त्रज्ञाने सांगितलंय. त्याला कारणही होतं. १९९२मध्ये किल्लारीला धक्क्यांची मालिका येऊन गेली होती आणि तेव्हा लोकांना 'घाबरू नका' असंच सांगण्यात आलं होतं. अधिकृत दिलासा एकदा खोटा ठरला, की पुढची किती तरी वर्षं अनधिकृत भीती खरी वाटू लागते. बातमीदारीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा धडा सास्तूरच्या नावाने शिकवायला हवा.

आणि जे फारसं कुणी नोंदवलं नाही ते हे: नवी गावं चौकोनी आखणीची झाली. रुंद सरळ रस्ते, लांब लांब घरं, पुढच्या भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित. जुन्या गढ्या, पांढरी, गल्लीच्या तोंडाशी असलेला पार, ओटे गेले. संध्याकाळी नकळत चार माणसं जिथे जमत, ती जागाच उरली नाही. नेमकं त्याच सुमाराला, १९९२च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'झी'च्या मागोमाग, केबलची तार गावांकडे निघाली होती. ओटा मोडला आणि घराघरात संच आला. ही गाठ योगायोगाची. परिणाम मात्र पक्का. ऐकणाऱ्यांची बैठक पहिल्यांदा मोडली ती तेव्हा.

दुष्काळाच्या वेळी किल्लारीचाच पाठ पुन्हा गिरवला गेला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली आणि देशभरच्या वाहिन्यांवर तीच दिसत राहिली. धाराशिवही त्याच उन्हात होरपळत होता, पण आपल्याकडे टँकर येत होते. टँकरचं चित्र कुणाला नवं? पुढे २०२०च्या जानेवारीत ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलं, तेव्हा तीन दिवस तरी आपल्याकडे कॅमेरे आनंदाच्या कारणासाठी आले, एवढं समाधान.

नावाचा विषय राहिला होता. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मंजुरी येऊन 'उस्मानाबाद' अधिकृतपणे 'धाराशिव' झालं. पण छापील कागदावर ही दोन नावं त्याआधी कित्येक वर्षं शेजारी-शेजारी नांदत होती. कुठलं दैनिक बातमीच्या माथ्यावर काय छापतं यावरून वाचक त्याचा पक्ष ओळखत. पहिला शब्द वाचूनच पुढची बातमी पटायची की नाही हे ठरू लागलं. पूर्वीची बैठक निदान बातमी संपेपर्यंत थांबत असे.

आता खिशातल्या माध्यमाकडे येऊ. मोबाइलला नावं ठेवण्याची फॅशन आहे. तिच्यात सामील व्हायचं कारण नाही. चावडीच्या पायरीवर ज्याला जागा नव्हती, त्याच्या हातात आज कॅमेरा आहे. पाणंद रस्त्याची दुर्दशा, रेशनची लूट, पीकविम्याचा घोळ तो स्वतः टिपून थेट तहसीलदारापर्यंत पोचवतो. सांगावा वाहणारा आज सांगणारा झाला, हे तडवळ्याच्याच वाटेवरचं पाऊल आहे. पण त्याच फोनवर तो ऐकतो ते एकटा. कानात बोंडकं घालून, पांघरुणाखाली, रात्री साडेअकराला. 'हे काही खरं वाटत नाही बुवा' म्हणणारा म्हातारा तिथे नसतो.

तो नसला की काय होतं, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांवर जमावाने संशय घेतला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. बहुतेक जण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या डौर वाजवत गावोगाव फिरणारी, दारात उभं राहून जगाची खबर देणारी ही माणसं. सर्वांत जुन्या प्रसारमाध्यमाला सर्वांत नव्याने मारलं, आणि मारलं ते चावडीच्या छताखाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

पारख कशी करावी, याची तेरच्या गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, एक कथा परंपरेने सांगितली जाते. सगळे संत जमले असताना मुक्ताबाईने विचारलं, हे थापटणं कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते पारखायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. मला तिच्यातली मांडणी महत्त्वाची वाटते: पारख सगळ्यांसमोर झाली, आणि नामदेवांसारख्याचीही झाली. आपली मोठी दैनिकं, वाहिन्या, मंत्र्यांची भाषणं, भावकीच्या गटावर आलेला व्हिडिओ, यांपैकी कशावर आपण शेवटचं थापटणं मारलं?

उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने एक पाऊल उचललं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ला सुरू केलेल्या प्रयोगासारखंच तिथेही संध्याकाळी भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दोन तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. म्हणजे दवंडी परत आली, आणि आली ती इतर माध्यमांना गप्प करायला. मुलं अभ्यासाला बसली हे उत्तमच. पण त्या दोन तासांत मोठी माणसं काय करतात?

जिल्ह्यातल्या सरपंचांना, वाचनालयांच्या कार्यवाहांना, बचत गटांच्या ताईंना विनंती एवढीच. अनुदानावर चालणाऱ्या गावच्या वाचनालयात रोज दोन-चार वर्तमानपत्रं येतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या घड्या मोडतही नाहीत. त्यांतलं एक उचला. भोंगा वाजला की शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाका, तिच्यावर सगळ्या वस्त्यांतली माणसं बसतील असं बघा, आणि एखाद्या नववीतल्या पोरीला पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगा. शंका काढणारा एक तरी म्हातारा गावात अजून असेल. त्याला आठवणीने बोलवा.